जरीपटक्यातली मुलं आणि रक्ताची पिशवी

मे २०२२ मध्ये नागपुरातल्या थॅलेसेमिया (शरीरात रक्त नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या चार मुलांना रक्त घेतल्यानंतर एचआयव्हीची लागण झाल्याचं आणि त्यांपैकी एक दगावल्याचं समोर आलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली, चौकशी लागली. चूक कोणाची, यावर भरपूर बोललं गेलं. पण हे नागपुरातच इतकं का झोंबलं, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं नागपुरातल्या जरीपटका या वस्तीत वसली. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं, म्हणजे स्वतः आजारी नसून आजार मुलांकडे पोचवू शकणाऱ्यांचं, प्रमाण जास्त आहे. दुसरीकडे विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत सिकलसेल हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजार पिढ्यानपिढ्या चालत आलेला; मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केली होती. सिकलसेलच्या रुग्णाला रक्त अधूनमधून लागतं. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा तीव्र प्रकार, असलेल्या मुलाला मात्र दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर. तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली तरी दहाव्या वर्षापर्यंत पावणेदोनशेच्या घरात पिशव्या होतात, आणि जवळपास प्रत्येक वेगळ्या माणसाची. अपघातात एकदाच रक्त घेणाऱ्याला जो धोका नगण्य, तो इथे पावणेदोनशे वेळा पत्करावा लागतो.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. तोवर रक्तगट जुळला की रक्त चढवलं जाई. फार तर सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी होई. त्यात रक्त विकणाऱ्यांचा धंदा जोरात होता. पैशांसाठी पुन्हापुन्हा रक्त देणारा माणूस आजार लपवणारच, हे सगळ्यांना कळत होतं. १९८९ मध्ये प्रत्येक पिशवीची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली, पण विक्री चालूच राहिली. ती थांबवायला सर्वोच्च न्यायालयाला उतरावं लागलं. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. माझ्या मते रक्त सुरक्षित करण्यात या एका निकालाचा वाटा कुठल्याही यंत्रापेक्षा मोठा आहे. हिपॅटायटिस सी हा यकृताचा आजार मात्र मागेच राहिला होता. त्याचा विषाणू जगाला १९८९ मध्ये सापडला, पण आपल्याकडे त्याची चाचणी सक्तीची व्हायला २००१ उजाडलं. मधल्या बारा वर्षांत रक्त घेणाऱ्यांनी काय काय घेतलं असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आज पिशवीवरच्या चिठ्ठीवर रक्तगट, घेतल्याची तारीख, मुदत आणि पाच चाचण्यांचे निकाल असतात : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया. थॅलेसेमियाच्या मुलांच्या आया ही चिठ्ठी किराण्याच्या बिलासारखी ओळीनओळ तपासतात. पण पाचही ठिकाणी 'निगेटिव्ह' असलं तरी विषाणू आत असू शकतो. लागण नवी असते तेव्हा रक्तात विषाणू असतो, पण चाचणी जे शोधते ते अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. या मधल्या काळाला 'विंडो पिरियड' म्हणतात. प्रतिद्रव्यं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर तयार करतं ती द्रव्यं, शोधणाऱ्या चाचणीत एचआयव्हीसाठी तो साधारण तीन आठवड्यांचा, हिपॅटायटिस सीसाठी दोन महिन्यांहून जास्त. 'नॅट' ही चाचणी थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते, त्यामुळे एचआयव्हीसाठी हा काळ अकरा दिवसांच्या आसपास येतो आणि हिपॅटायटिस सीसाठी आठवडा-दीड आठवड्यावर. कमी होतो, शून्य होत नाही. शिवाय ती महाग आहे, आणि २०२२ मध्ये ती देशात सक्तीची नव्हती. म्हणून कोणाला नॅट केलेलं रक्त मिळायचं, तर कोणाला नाही.

रक्तातून लागण होण्याचा आणखी एक रस्ता सुईचा. उकळून पुन्हापुन्हा वापरायच्या काचेच्या सिरिंज जाऊन एकदाच वापरायच्या आल्या, पण गुजरातेतल्या मोडासा भागात २००९ मध्ये हिपॅटायटिस बीची मोठी साथ पसरली ती वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळेच. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. म्हणून न्हाव्याच्या वस्तऱ्याचं पातं आणि जत्रेत गोंदणाऱ्याची सुई नवी आहे ना, हे बघायलाच हवं. बीवर लस आहे. सीवर नाही, पण गोळ्यांनी तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. एचआयव्हीबाधित सुई टोचलीच, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घ्यावं लागतं. सुई टोचलेल्या सफाई कामगाराला हे वेळेत कोणी सांगत नाही, ही वेगळीच रड आहे.

आता रक्तदात्याकडे येऊ. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला आणि कॉलेजं बंद झाली की नागपुरातल्या रक्तपेढ्यांमध्ये खडखडाट होतो, आणि शिबिराला आलेल्या कोणालाही परत पाठवणं जिवावर येतं. रक्त देण्याआधी भरायचा प्रश्नांचा फॉर्म अशा वेळी घाईत टिकमार्क करून उरकला जातो. खरं तर विंडो पिरियडमधला दाता यंत्राला सापडत नाही, त्याला अडवतं ते त्याचं स्वतःचं खरं उत्तर. काहीजण तर एचआयव्हीची फुकट चाचणी होईल म्हणूनच शिबिरात येतात. ती चाचणी सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, मोफत आणि नाव गुप्त ठेवून होते, आणि त्यासाठी कोणाला रक्त द्यावं लागत नाही.