खेळाडूला पैसे दिले म्हणून तुरुंग? तसं नव्हतं

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल घोटाळ्याबद्दल एक समज अजून फिरतो: खेळाडूंना पैसे देणं हाच गुन्हा, म्हणून २०१७ मध्ये एफबीआयने माणसं उचलली. मुळात ते देणं एनसीएएच्या (तिथल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था) नियमाविरुद्ध होतं, केंद्रीय कायद्याने गुन्हा नव्हता. एक खेळाडू मुलगा लुईव्हिल विद्यापीठात यावा म्हणून आदिदासच्या जेम्स गॅटो आणि मंडळींनी त्याच्या वडिलांशी १ लाख डॉलर ठरवले. आता कोर्टातली गंमत बघा, फसवलं गेलं म्हणे विद्यापीठच! पैशांमुळे मुलगा अपात्र ठरतो हे लपवून शिष्यवृत्ती उकळली, हा सरकारी वकिलांचा दावा ज्युरीने मानला. गॅटोला ९ महिन्यांचा तुरुंगवास झाला. खेळाडू एकही आरोपी नव्हता. लाचेत अडकले ते काही सहायक प्रशिक्षक: पैसे घेऊन पोरं एजंटांकडे वळवत होते. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठंच खेळाडूंना उघड पैसे देऊ शकतात.