ओलसर गवत रचलं तर गंजी पेटत नाही?

दर दिवाळीनंतर एक मेसेज फिरतो: कडक उन्हाने गवताची गंजी आपोआप पेटते, म्हणून गवत जरा ओलसर असतानाच रचा. हेतू चांगला आहे, पण सल्ला घातक आहे.

ऊन गंजीचा वरचा थर तापवतं. तेवढ्याने गवत पेट घेत नाही. आग आतून लागते. ओलं गवत दाबून रचलं की त्यात जंतू आणि बुरशी वाढतात, त्यांची ऊब आत कोंडते. तापमान 70 अंशांच्या पुढे गेलं की रासायनिक क्रिया सुरू होते आणि उष्णता वाढतच जाते. म्हणूनच रचल्यानंतरचे पहिले सहा आठवडे जपायचे.

गोव्यातल्या सत्तरी-पेडण्यात ऑक्टोबरात पहाटे भरपूर दव पडतं. जुन्या ग्रास कटरने कापलेलं गवत दव उडाल्यावरच उलटावं. फळ्यांच्या खोक्यात दाबून सुतळीने पेंढ्या बांधायच्या असतील, तर आधी ओल तपासा. कोरड्या बरणीत गवताचे तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर बांधा, गोळा झालं तर अजून एक ऊन द्या. जाड देठ मात्र मोडून बघा, ओल तिथेच लपते.

रचलेल्या गंजीत लोखंडी सळई खुपसून पंधरा-वीस मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर गंजी उपसू नका, हवा लागताच भडका उडू शकतो. आधी अग्निशमन दलाला 101 वर फोन करा.