कोपरा कापला की सुटलो?

पायाच्या अंगठ्याचं नख कडेला रुतायला लागलं की माणूस आधी नेलकटर शोधतो. टोचणारा कोपरा जितका खोल जाता येईल तितका खोल जाऊन कापायचा. लगेच बरं वाटतं, बूट घालता येतो, चालताना कळ येत नाही. काही आठवड्यांनी तोच अंगठा, तीच बाजू आणि दुखणं मात्र आधीपेक्षा जास्त. मग पुन्हा नेलकटर. हे दुखणं इतकं चिवट का, याचं उत्तर त्या पहिल्या दोन दिवसांच्या आरामातच दडलेलं आहे.

चालताना पाऊल उचलायच्या क्षणी शरीराचा बराच भार अंगठ्यावर येतो. खालून दाब आला की अंगठ्याचं मांस वर आणि कडेला सरकतं. नखाचा कोपरा शाबूत असेल तर तो या मांसाच्या वर तरंगत राहतो, त्याला दाबून ठेवतो. कोपरा खोलवर कापला की तिथे मोकळी जागा होते आणि मांस ती भरून टाकतं. मागून नख पुढे सरकत असतंच. त्याच्या वाटेत आता मांसाची भिंत उभी असते. त्यात नेलकटर कडेपर्यंत पोहोचलेलं नसतं. तिथे नखाची एक बारीक, टोकदार कुसळ मागे राहते. वरून पाहिलं तर कोपरा साफ दिसतो, पण आत ती कुसळ रोज थोडी थोडी पुढे घुसत असते.

कातडी फोडून आत शिरलेलं नख शरीराच्या दृष्टीने काट्यासारखं परकं. आधी लाली, सूज आणि दुखणं. मग पाणी किंवा पू. तरीही नख तिथेच राहिलं तर जखम भरून काढण्याच्या खटपटीत शरीर लालभडक, मऊ, हात लागताच रक्त येणारं मांस तयार करतं. ते पाहून लोक घाबरतात, पण ती वाढ मूळ रोग नव्हे. काटा निघाला की ती सहसा आपोआप आटते.

इथे नखुरड्याशी गल्लत होते. नखुरड्यात जंतू आधी शिरतात. इथे नख आधी शिरतं, जंतू त्याच्या मागून येतात. म्हणून नुसत्या अँटिबायोटिक गोळ्यांवर भागत नाही. लाली पसरत चालली असेल तर त्या लागतात, पण काटा आत ठेवून दिलेल्या गोळ्या म्हणजे छत गळत असताना नुसती फरशी पुसणं.

सगळा दोष नेलकटरचाही नाही. पुढे निमुळते, आवळणारे बूट, अंगठ्यावर काही पडणं, फुटबॉलसारख्या खेळात वारंवार लागणारी ठेच, घामाने मऊ पडलेली कातडी, जन्मतःच जास्त वळलेलं नख, ही कारणं आहेतच. किशोरवयात हा त्रास बराच दिसतो. मुरमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनोइन आणि कर्करोगावरची काही औषधंही नखाकडेची कातडी बिघडवतात. आणि गंमत म्हणजे, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची नखं जास्त गोलसर वळलेली आढळतात. नखाचा कल मुळात आत वळण्याकडे असतो, चालताना खालून येणारा दाब त्याला सपाट ठेवतो. म्हणजे ज्या दाबामुळे नख रुततं, त्याच दाबामुळे ते सरळही राहतं!

दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर घरी करण्यासारखं बरंच आहे. दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवायचा आणि नीट कोरडा करायचा. मऊ झालेल्या कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवायची आणि ती रोज बदलायची. चिकटपट्टीने कडेची कातडी नखापासून दूर ओढून ठेवायची. पुढून मोकळी पादत्राणं वापरायची. आणि कोपऱ्याला हात लावायचा नाही, हे सगळ्यात अवघड. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, तेव्हा धीर लागतो. नखाच्या मध्यावर खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, या समजुतीत तथ्य नाही. नख वाढतं ते मुळाशी. पुढचा भाग केरॅटिन या प्रथिनाचा, निर्जीव, तिथे काय कोरलं याची मुळाला खबरही नसते.

पू झाला, मांस वाढलं किंवा त्रास परत परत होऊ लागला की डॉक्टरांकडे जावं. अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना इंजेक्शन देऊन तो बधिर करतात आणि नखाची फक्त रुतलेली कड, तीन-चार मिलिमीटरची उभी पट्टी, मुळापर्यंत कापून काढतात. खरं काम त्यानंतरचं. त्या पट्टीच्या मुळाशी फिनॉल लावून तिथल्या नख तयार करणाऱ्या पेशी मारतात. हे तेच कार्बोलिक अ‍ॅसिड, जे 1865 साली ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी जखमा जंतुमुक्त ठेवण्यासाठी वापरलं होतं. रक्ताने ते पातळ होऊ नये म्हणून आधी अंगठा आवळून रक्तपुरवठा थांबवतात. नंतर दोन ते चार आठवडे थोडं पाणी येत राहतं, नख कायमचं जरा अरुंद होतं, पण त्रास परतण्याची शक्यता खूप घटते. उलट अख्खं नख उपटून मूळ तसंच सोडलं, तर वर्ष-दीड वर्षात नवं नख येतं आणि बरेचदा तेही रुततं.

1959 मध्ये व्हँडेनबॉस आणि बॉवर्स या डॉक्टरांनी मात्र वेगळाच मुद्दा मांडला: नख निर्दोष आहे, गुन्हेगार आहे कडेचं जास्तीचं मांस. त्यांच्या शस्त्रक्रियेत नखाला हातच लावत नाहीत. कडेचं मांस सढळपणे कापून जखम उघडी ठेवतात. ती भरायला बरेच आठवडे लागतात, पण नख पूर्ण रुंदीचं राहतं. मला दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या पटतात. कोपरा कापण्याची ती सवय नखाला टोक देते आणि मांसाला जागाही देते. म्हणून नख सरळ रेषेत, बोटाच्या टोकाइतकं लांब ठेवून कापावं. दोन्ही कोपरे कातडीच्या वर मोकळे दिसले पाहिजेत.

मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर वरचे घरगुती प्रयोग करत बसू नये. तिथे संवेदना बोथट झालेली असू शकते, मग नख किती आत गेलंय हे दुखण्यावरून कळत नाही आणि छोटी जखमही चिघळत जाऊ शकते. अशांनी पहिल्या लालीलाच डॉक्टर गाठावा.