डोनटवरच्या नकाशाला सात रंग

कुठल्याही नकाशात शेजारशेजारचे प्रदेश वेगळे दाखवायला चार रंग पुरतात, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं आहे, पण सपाट कागदावर किंवा पृथ्वीगोलावर. डोनटच्या, म्हणजे गणितातल्या टोरसच्या, पृष्ठभागावर सात रंग लागू शकतात. हे हाताने करून बघण्यासारखं आहे.

साधारण १२० सेंमी लांब आणि ६ सेंमी जाड अशी फोमची नळी घ्या, पोहायला शिकताना वापरतात तशी. तिचा घेर सुमारे १९ सेंमी भरतो. त्याचे सात सारखे भाग करा, प्रत्येकी २.७ सेंमी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात सरळ पट्टे रंगवा आणि ओळीने क्रमांक घाला. आता नळी वाकवून टोकं भिडवा, पण भिडवताना एका टोकाला अडीच पट्ट्यांचा, म्हणजे जवळपास १२९ अंशांचा पीळ द्या. मग चिकटपट्टी लावा.

पट्टा १ बघा. लांबीच्या कडांनी तो २ आणि ७ ला लागून आहे. जोडावर त्याचं एक टोक अर्धं ३ वर, अर्धं ४ वर येतं. दुसरं ५ आणि ६ वर. सहाही शेजारी झाले! बाकी प्रत्येक पट्ट्याचं हेच, त्यामुळे एकही रंग वाचवता येत नाही.

बिघडतं ते पिळात. नेमके दोन पट्टे पिळले तर १ ला चारच शेजारी उरतात. दीड किंवा साडेतीन पिळले तरी चारच. अडीचच हवेत, दिशा कुठलीही चालेल. नळी आखूड असली तर आतली बाजू चुणते, कारण कडं करताना बाहेरची बाजू १९ सेंमी ताणली जाते आणि आतली तेवढीच दबते. कागदाची नळी म्हणूनच इथे कामाची नाही.

आठवा रंग का लागत नाही? टोरसवर कोपरे वजा कडा अधिक प्रदेश यांची बेरीज शून्य येते. आपल्या नळीवर मोजा: १४ − २१ + ७. प्रत्येक कोपऱ्यात किमान तीन कडा मिळतात, म्हणून एकूण कडा प्रदेशांच्या तिपटीपलीकडे जात नाहीत. एक कड दोन प्रदेशांची, तेव्हा सरासरी शेजारी फार तर सहा. म्हणजे सहा किंवा कमी शेजाऱ्यांचा एक प्रदेश नेहमी सापडतो. तो मिटवून त्याची जागा शेजाऱ्याला द्या, उरलेला नकाशा याच रीतीने रंगवा, मग तो परत आणा; सातवा रंग त्याच्यासाठी शिल्लक असतोच. ब्रिटिश गणितज्ञ पर्सी हीवुड यांनी १८९० मध्ये हे सिद्ध केलं. सपाट कागदाच्या चार रंगांची सिद्धता मात्र १९७६ मध्ये, संगणकाच्या मदतीने मिळाली.

या आकारातच ऊर्जा असते असं सांगून ‘टोरस ऊर्जे’ची लॉकेटं विकणाऱ्यांचा या गणिताशी काडीचा संबंध नाही. टोकामॅक या अणुसंलयनाच्या यंत्रात तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, या आकारात कोंडतात, तो चुंबकीय रेषांना मोकळं टोक राहू नये म्हणून. आकारात स्वतःची ऊर्जा काहीच नसते.

शिल्पासारखी वस्तू हवी असेल तर लायोश सिलाशी या हंगेरियन गणितज्ञाने १९७७ मध्ये मांडलेली घनाकृती पुठ्ठ्यातून कापून जोडा. तिला मधोमध आरपार भोक आहे, सात सपाट षटकोनी बाजू आहेत आणि प्रत्येक बाजू बाकी सहांना कडेने चिकटलेली आहे.