पत्रा ठणठणीत, कपलर खिळखिळे : जुन्या स्पोर्ट्स कारमधल्या विजेच्या जोडांची पार्श्वभूमी

सोलापुरात जुनी गाडी सडत नाही, असं सगळेच म्हणतात आणि ते बरंचसं खरं आहे. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत ज्या पत्र्याची चाळणी होते, तोच पत्रा इथल्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकतो. त्यामुळे एमजी किंवा ट्रायम्फसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बघायला आलेला माणूस फ्लोअर ठोकून बघतो, खाली वाकून चासी बघतो आणि खूश होतो. बॉनेटखालचा एखादा कपलर, म्हणजे वायरींची टोकं एकमेकांना जोडणारा जोड, उघडून बघावा, हे फारसं कुणाला सुचत नाही.

पत्र्याला सांभाळणारी हीच हवा कपलरचा जीव घेते. मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असतात. बॉनेटखाली, एक्झॉस्टच्या शेजारी, शंभरी सहज ओलांडली जाते. पीव्हीसीला मऊ ठेवणारा घटक उडून जातो, रबरी बूट चिरतो, नायलॉनची खाच बोट लावताच तुटते. त्या फटीतून काळ्या मातीची धूळ आत शिरते. पेठांमध्ये, यंत्रमागांच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाडीत सुताचा बारीक कचराही जातो. परतीच्या पावसात हा कचरा वातीसारखा पाणी धरून ठेवतो आणि पितळेवर हिरवट थर चढतो. वायरमनच्या भाषेत याला ‘कार्बन आला’ म्हणतात. खरं तर तो कार्बन नसून तांब्याचे क्षार आणि ऑक्साइड असतात, पण शब्द रुळला आहे आणि कामही भागतं. मग आठवड्याभराने तुळजापूरला निघायचं म्हटलं की सेल्फ नुसता टकटकतो, एक हेडलाइट पिवळा पडतो, पेट्रोलचा काटा नाचतो.

हे जोड एका दिवसात आले नाहीत. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचा एक दोष घालवला आणि आपला एक नवा आणला. समोरच्या गाडीत कोणत्या पिढीचा जोड आहे हे कळलं, की काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं हे अर्धं ठरतं.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांत सुती विणीचं आवरण असलेली वायर आणि स्क्रूखाली दाबलेलं टोक असायचं. कापसाच्या गावाला ही वीण अनोळखी वाटू नये. वायर वेगवेगळी ओळखू यावी म्हणून त्यात रंगीत धागेही घातलेले असत. स्क्रू अधूनमधून आवळला की जोड चाले. इथे एक चूक हमखास होते. वायरचं टोक आधी सोल्डरने भरून घेतात आणि मग स्क्रूखाली धरतात. सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि काही महिन्यांत स्क्रू आपोआप सैल होतो.

युद्धानंतरच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हणजे विजेचं सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीची बुलेट पिन. ४.७ मिमी जाडीची पितळी गोळी वायरच्या टोकाला बसवायची आणि काळ्या रबरातल्या धातूच्या नळीत दोन्ही बाजूंनी ढकलायची. कारखान्यात झटपट काम होतं, पाना लागत नाही. दोष नळीत आहे. ती उभी चिरलेली असते, तिच्याच स्प्रिंगवर सगळी पकड अवलंबून असते, आणि पाणी अडवायला काहीही नसतं. तीस-चाळीस वर्षांनी चीर उघडते, गोळी आत गोल फिरू लागते. रेडिएटरच्या बाजूच्या बंडलमधली एखादी बुलेट हलकेच ओढून बघा. चांगली असेल तर दोन बोटांनी सहज निघत नाही. गेलेली असेल तर न ओढताच हातात येते आणि टोकाला शेवाळी रंग दिसतो. जोसेफ लुकासला गमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, ते अशाच दोषांवरून. ही थट्टा थोडी अन्यायाची आहे. त्या काळचे डायनामो आणि सेल्फ चांगलेच टिकले. बदनाम केलं ते या चार-आठ आण्याच्या नळ्यांनी.

तिकडे अमेरिकेत १९४१ साली सुरू झालेल्या एएमपी कंपनीने विमानं आणि जहाजांसाठी सोल्डरशिवाय दाबून, म्हणजे क्रिंप करून, वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टर्मिनल आणलं होतं. क्रिंपिंगचं मर्म असं, की दाब पुरेसा असेल तर वायरचे धागे आणि टर्मिनलचा धातू इतके घट्ट भिडतात की मध्ये हवाच उरत नाही आणि ऑक्साइड धरायला जागाच मिळत नाही. १९५० च्या दशकात याच घरातून चपटं, ढकलून बसणारं टर्मिनल आलं. ब्रिटिश गाड्यांत त्याच मापाचं टर्मिनल ‘ल्युकार’ नावाने रुजलं. रुंदी ६.३ मिमी, जाडी ०.८ मिमी. आज गाडीतल्या साध्या रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) बुडाशी दिसतं ते हेच. १९६१ मध्ये मद्रासजवळ पाडीला लुकास-टीव्हीएस सुरू झाली आणि हे सगळं सामान भारतात ओळखीचं झालं. बुलेटपेक्षा ही चपटी पिन निश्चितच चांगली. फक्त तीही उघडीच.

फ्यूजचा प्रवास याला समांतर आहे. युरोपियन गाड्यांत, आपल्या पद्मिनीतसुद्धा, दोन्ही टोकं निमुळती असलेले टॉर्पेडो फ्यूज असत. पितळी पट्टीच्या टोकाला नुसता एक ठिपका टेकतो, आणि पट्टी तापून ढिली पडली की फ्यूज चांगला असूनही लाइन बंद. म्हणूनच जुने ड्रायव्हर फ्यूज बोटाने फिरवून गाडी चालू करतात. १९७६ मध्ये लिटेलफ्यूजने पात्याचा फ्यूज आणला, त्यात दोन्ही बाजूंनी चपटी पकड मिळाली. जुन्या गाडीत पात्याचा फ्यूजबॉक्स बसवणं हा फार सोपा आणि मोठा फायद्याचा बदल आहे. एकच सापळा लक्षात ठेवा. दोन्हींचे रंग जुळत नाहीत. टॉर्पेडोत पिवळा ५ अँपिअर, पांढरा ८, लाल १६, निळा २५. पात्यात पिवळा २०, लाल १०, निळा १५. रंग बघून पिवळ्याच्या जागी पिवळा लावला, तर ५ अँपिअरच्या लाइनला २० चा फ्यूज बसतो आणि शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर जळते.

जोडाचा रोध किती महागात पडतो, त्याचा हिशोब छोटा आहे. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साधारण ९.२ अँपिअर ओढतात. वाटेत एका जोडाचा रोध फक्त ०.०५ ओहम असला तरी तिथे ०.४६ व्होल्ट पडतात आणि चार वॅटहून जास्त उष्णता तयार होते. नखाएवढ्या पितळेला चार वॅट पुष्कळ झाले. तापलं की स्प्रिंग ढिली, स्प्रिंग ढिली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं. असे दोन-तीन जोड ओळीने आले की दिव्याला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळतं. हॅलोजनचा उजेड मात्र तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. हैदराबाद रोडवर रात्री ‘बल्ब बदलला तरी उजेड नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून. मल्टिमीटरची एक पिन जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड बदलायचा. बंद लाइनवर ओहम मोजून काही कळत नाही, कारण एका धाग्यावर टेकलेली वायरसुद्धा मीटरला चांगलीच दिसते. हेडलाइटला रिले लावला की स्विचवरचा भार जातो. जर्मन पद्धतीचे आकडे सगळीकडे चालतात : ३० म्हणजे थेट बॅटरी, ८७ म्हणजे दिव्याकडे, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल. मात्र १९६७ पर्यंतच्या एमजीबीसारख्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तिथे डायोडवाला (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग असलेला) रिले उलटा जोडला तर डायोड लगेच उडतो. साधा रिले घ्यावा.

खरा फेरफार १९६७ ला झाला. बॉशची डी-जेट्रॉनिक, म्हणजे कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल सोडणारी इंजेक्शन प्रणाली, फोक्सवॅगनमध्ये आली आणि १९७० च्या दशकात एल-जेट्रॉनिक. तोवर जोडातून दिवे आणि हॉर्न चालत. आता सेन्सरचे इवलेसे सिग्नल जाऊ लागले. दिव्याच्या लाइनमध्ये जोड खराब झाला तर डोळ्यांना दिसतं. सिग्नलच्या लाइनमध्ये खराब झाला तर कॉम्प्युटर खोटी माहिती खरी मानून चालतो.

शीतकाच्या (कूलंटच्या) तापमानाचा सेन्सर बघा. ८० अंशांवर त्याचा रोध साधारण ३२० ओहम, ६० अंशांवर ६०० च्या आसपास, २० अंशांवर अडीच हजार. दोन पिनांच्या कपलरमध्ये गंजामुळे पावणेतीनशे ओहम वाढले, की तापलेलं इंजिन कॉम्प्युटरला ६० अंशांचं वाटतं. तो पेट्रोल जास्त सोडतो. प्लग काळे, धूर काळा, अॅव्हरेज खाली. मग प्लग बदलले जातात, पंप बदलला जातो, इंजेक्टर साफ होतात, आणि दोन पिनांचा कपलर जागच्या जागी हसत बसतो. तपासायला पाच मिनिटं लागतात : आधी सेन्सरच्या पिनांवर रोध मोजायचा, मग कॉम्प्युटरच्या मोठ्या कपलरपाशी तोच मोजायचा. दोन्ही आकड्यांत फरक दिसला तर दोष मधल्या वायरीत किंवा जोडात.

एल-जेट्रॉनिकच्या चार सिलिंडर इंजिनाला दोन पिनांचे एकाच घराण्याचे आठ कपलर लागतात : इंजेक्टरचे चार, शीतक सेन्सर, थंडीत सुटणारा जादा इंजेक्टर, थर्मो-टाइम स्विच आणि जादा हवेचा व्हॉल्व्ह. थ्रॉटल स्विचचा तीन पिनांचा. आतल्या चपट्या पिना २.८ मिमीच्या, बाहेर तारेची क्लिप. नवीन घर (बाहेरचं हाउसिंग), टर्मिनल आणि रबरी बूट असे संच मिळतात. दोन जादाचे घ्यावेत, कारण पहिला एखादा क्रिंप वाया जातोच. जुना कपलर काढताना वायर ओढू नये. तारेची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने आधी बाजूला घ्यायची आणि हाउसिंग धरूनच ओढायचं.

उघड्या जोडाचं उत्तर अमेरिकेतल्या पॅकार्ड इलेक्ट्रिकने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘वेदर-पॅक’मधून दिलं : प्रत्येक वायरला स्वतंत्र सिलिकॉन सील आणि दोन घरांच्या मध्ये आणखी एक. नंतर चपट्या पिनांचा ‘मेट्री-पॅक’ आला. त्याच्या नावातला १५० म्हणजे १.५ मिमीची पिन, २८० म्हणजे २.८. जड यंत्रांसाठी डॉइशची डीटी मालिका आली : पिनेला १३ अँपिअर, आत पिना अडकवून ठेवणारी पाचर. युरोपात एएमपीचा ‘सुपरसील’, १.५ मिमी पिना, जास्तीत जास्त १४ अँपिअर. बॉनेटखाली, चाकांच्या कमानीत आणि दिव्यांपाशी यांतलं काहीही चालतं. डॅशबोर्डखाली साधी चपटी पिन पुरते, तिथे सील लावणं म्हणजे हौस. सील मात्र वायरच्या आवरणाच्या व्यासावरून निवडायची. जाड वायरीसाठीची सील बारीक वायरीवर घातली तर ती नुसती टोपी ठरते.

चांगला कपलर वाईट क्रिंपने फुकट जातो, आणि आपल्याकडे अजूनही पुष्कळदा पक्कडच चालते. पक्कड टर्मिनलला चपटं करते, धागे आवळत नाही. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात : पुढची उघड्या तांब्यावर, मागची आवरणावर. पुढच्या जोडीचे दोन्ही पंख आत वळून धाग्यांत रुतले पाहिजेत. त्यासाठी त्या मापाच्या जबड्याचं, पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारं हत्यार लागतं. आवरण पाच-सहा मिमी सोलायचं, एकही धागा न तोडता. वर सोल्डर लावू नये. तो आवरणाखाली शिरतो, वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. पारख करायची तर एक चौरस मिमी वायरचा नमुना क्रिंप करून त्याला दहा लिटर पाण्याची बादली टांगा. सुटला तर हत्यार किंवा टर्मिनल चुकीचं आहे. काळ्या टेपचं तर नावच नको. मेमध्ये तिचा गोंद वितळून वाहतो आणि सप्टेंबरात त्यावर धुळीचा लगदा साचलेला असतो. आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह वापरावी.

पॉलिश पेपरने पिन घासणं हीसुद्धा जुनी सवय. कल्हईचा थर गेला की खालचं पितळ पुढच्या पावसात आणखी वेगाने खराब होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश पुरे. सिलिकॉन ग्रीस वीज वाहत नाही. ते सीलवर लावायचं, पिनांत कोंबायचं नाही. नव्या कपलरात एका बाजूला सोन्याचा मुलामा आणि दुसऱ्या बाजूला कथिलाचा, अशी जोडी करू नये. थरथरीने कथिलाचे ऑक्साइड कण सोन्यावर घासले जाऊन साठतात आणि महागडा जोड आधी बंद पडतो.

अर्थिंगचं वेगळं प्रकरण फायबरच्या बॉडीत येतं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही १९९८ ची दोन सीटांची, ११४९ सीसी रेनो इंजिनाची फायबरग्लास गाडी. अशा गाडीत पत्रा परतीची वायर म्हणून काम करत नाही. प्रत्येक दिव्याचा मायनस वायरनेच चासीपर्यंत यावा लागतो. सगळे मायनस एका बोल्टवर गोळा केलेले असतील आणि तो बोल्ट गंजला, तर इंडिकेटर दिल्यावर ब्रेकलाइट लुकलुकतो. उपाय : पुढे एक, मागे एक अशा दोन अर्थ पट्ट्या, त्यातून बॅटरीच्या मायनसपर्यंत किमान ६ चौरस मिमी वायर, आणि इंजिन-चासी यांच्यात विणलेली जाड पट्टी.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचा, फोटो काढायचे, एका वेळी एकच सर्किट घ्यायचं. पूर्ण हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) एकदम उकलला की महिनाभर गाडी शेडमध्ये उभी राहते. क्रम असा बरा : अर्थिंग, मग बॅटरी-सेल्फची जाड केबल, मग फ्यूजबॉक्स, हेडलाइट रिले, शेवटी सेन्सर. दर टप्प्याला व्होल्ट मोजून कागदावर लिहून ठेवायचे.

वाहनांच्या प्रदर्शनात मूळपणाचे गुण मिळवायचे असतील, तर बुलेट पिना काढू नयेत. नव्या पितळी गोळ्या, नव्या नळ्या आणि वर थोडी पेट्रोलियम जेली एवढं करून त्या बऱ्याच वर्षांसाठी निर्धास्त होतात. आणि १९९२ ते ९५ च्या सुमाराच्या मर्सिडीजच्या खुल्या गाड्यांवर कपलरचा खर्चच करू नये. त्या काळात वापरलेलं पर्यावरणस्नेही आवरण इंजिनाच्या उष्णतेने बिस्किटासारखं भुगा होतं. तिथे आख्खा इंजिन हार्नेसच बदलावा लागतो.