सॉन्डर्स-रो
सॉन्डर्स-रो : नौका आणि विमाने बांधणारी ब्रिटिश कंपनी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या वाइट बेटावर, ईस्ट काउज येथे तिचा मुख्य कारखाना होता. हे नाव तिला १९२९ मध्ये मिळाले, परंतु तिचे मूळ टेम्स नदीकाठी गोरिंग येथे होड्या बांधणाऱ्या सॉन्डर्स घराण्यात आहे.

याच घराण्यातील सॅम्युएल एडगर सॉन्डर्स यांनी १८९८ मध्ये ‘कन्सुटा’ या शिवलेल्या प्लायवुडचे पेटंट घेतले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच ‘एकत्र शिवलेले’ असा आहे. महोगनीचे चार पातळ पापुद्रे एकावर एक ठेवायचे, मधल्या प्रत्येक थरात पाणी न शिरणारे, मांजरपाटासारखे कापड घालायचे आणि सगळे मिळून तांब्याच्या तारेने शिवून काढायचे. अशा लाकडाची नौका हलकी असूनही चिवट राहते. त्याच नावाची पहिली लाँच नौकास्पर्धांच्या पंचांसाठी बांधली होती. ती वेगाने गेली तरी मागे लाटा फारशा उसळत नसत, त्यामुळे स्पर्धकांच्या होड्या हेलकावत नसत. ही लाँच दुरुस्त करून जतन केलेली आहे.

पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला नेमके असेच धड हवे होते. हलके नसेल तर ते उडणार नाही आणि चिवट नसेल तर लाटेच्या तडाख्याने फुटेल. विमाननिर्माते टॉमस सॉपविथ यांच्या ‘बॅट बोट’ या ब्रिटनमधील पहिल्या यशस्वी उडत्या नौकेचे (नौकेसारखे धड असलेल्या जलविमानाचे) धड सॉन्डर्स यांनीच बांधले. सॉपविथ यांनी १९१२ आणि १९१३ मध्ये ज्या ‘मेपल लीफ ४’ बोटीतून मोटरबोटींच्या शर्यतीचा हार्म्सवर्थ करंडक जिंकला, तीही याच कारखान्यातली. होडी बांधणाऱ्या कारागिरांनी विमानविद्येला दिलेली ही देणगी विमानांच्या इतिहासात फार थोडक्यात उरकली जाते; तिला याहून मोठी जागा मिळायला हवी. पहिल्या महायुद्धात कारखान्याने अॅव्हरो ५०४ सारखी इतरांच्या आराखड्याची विमाने बांधली.

१९२८ मध्ये अॅलियट व्हर्डन रो आपली अॅव्हरो ही विमान कंपनी विकून येथे आले आणि पुढच्या वर्षी नाव बदलले. ‘कटी सार्क’, ‘क्लाउड’ आणि ‘लंडन’ ही त्यानंतरची जलविमाने. ‘लर्विक’ मात्र फसले. हवेत आणि पाण्यावरही ते अस्थिर असे. जेमतेम २१ विमाने बांधून उत्पादन थांबले.

दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीने सर्वांत मोठे स्वप्न पाहिले, ते ‘प्रिन्सेस’चे. सुमारे ६७ मीटर पंखविस्तार, दहा टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारी जेट प्रकारची) इंजिने, दोन मजले आणि १०५ प्रवाशांची सोय असलेले हे विमान २२ ऑगस्ट १९५२ रोजी प्रथम उडाले. पण युद्धकाळात जगभर लांब काँक्रीटच्या धावपट्ट्या झाल्या होत्या. समुद्रावर उतरण्याची गरज उरली नव्हती आणि ज्या बीओएसी या ब्रिटिश सरकारी विमानवाहतूक कंपनीसाठी ते योजले होते, तिने १९५० मध्येच उडत्या नौका बंद केल्या होत्या. तीन बांधली, एकच उडाले. उरलेली दोन वर्षानुवर्षे झाकून ठेवली आणि १९६७ पर्यंत तिन्ही मोडीत निघाली. एवढ्या सुरेख कामाची अशी अखेर वाचताना आजही वाईट वाटते.

यानंतर याच कारखान्याने ख्रिस्तोफर कॉकरेल यांच्या कल्पनेवरून ‘एसआर-एन१’ ही हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जाणारी नौका, बांधली. ब्लेरिओ यांनी विमानाने प्रथम इंग्लिश खाडी ओलांडली त्याला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २५ जुलै १९५९ रोजी, तिने कॅले ते डोव्हर अशी तीच खाडी ओलांडली. तोल सांभाळायला वजन म्हणून कॉकरेल स्वतः तिच्यावर होते.

त्याच वर्षी वेस्टलँड या ब्रिटिश विमान कंपनीने सॉन्डर्स-रो विकत घेतली, तरी ईस्ट काउजचे काम चालूच राहिले. येथे बांधलेल्या ‘ब्लॅक अॅरो’ अग्निबाणाच्या इंजिनांची चाचणी बेटाच्या पश्चिम टोकाला, नीडल्सजवळच्या कड्यावर होई. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथून या अग्निबाणाने ‘प्रॉस्पेरो’ उपग्रह कक्षेत सोडला.