आयरिश सोडा ब्रेड एका रात्रीत शिळा का होतो?

“मामा, काल शेजारच्या आजींनी घरी भाजलेला सोडा ब्रेड आणून दिला. चांगला गरम होता, सुती टॉवेलात गुंडाळलेला. अर्धा आम्ही तेव्हाच संपवला. उरलेला वाळू नये म्हणून हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला, तर आज विटेसारखा झालाय!”

भाची डब्लिनला असते. 17 मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, तिच्या शेजारी हा ब्रेड घरोघर दिला-घेतला जातो. तिचा प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला, कारण उत्तराचा अर्धा भाग तिनेच सांगून टाकला होता. डबा हवाबंद होता, म्हणजे पाणी कुठेही गेलं नव्हतं. तरीही ब्रेड कडक झाला. शिळं होणं म्हणजे वाळणं, हा आपल्या सगळ्यांचाच समज आहे आणि तो चुकीचा आहे.

आधी हा ब्रेड कसा असतो ते सांगतो. 450 ग्रॅम मैदा, एक सपाट चमचा खायचा सोडा, तेवढंच मीठ आणि 350 ते 400 मिलिलिटर ताक. यीस्ट नाही, लोणी नाही, साखर नाही. आयर्लंडच्या थंड, दमट हवेत पिकणाऱ्या गव्हात प्रथिनं कमी असतात. यीस्ट सावकाश फुगवतं, तेवढा वेळ वायू धरून ठेवणारं चिवट जाळं या पिठात नीट तयार होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडे सोडा मिळू लागला आणि ही अडचण सुटली. लोणी काढल्यावर उरलेलं ताक घरोघरी होतंच. ताकातलं लॅक्टिक आम्ल सोड्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड लगेच सुटतो. 5 ग्रॅम सोडा पूर्ण कामी आला तर सव्वा ते दीड लिटर वायू मिळतो. म्हणून हे पीठ मळत बसायचं नाही. हलक्या हाताने गोळा करायचा, वर खोल फुली कापायची आणि लगेच भाजायला घालायचं. पूर्वी ओव्हन नसलेल्या घरांत चुलीवर टांगलेल्या बिडाच्या भांड्यात भाजत आणि झाकणावर पीटचे (दलदलीतून काढून वाळवलेल्या जळाऊ मातीचे) निखारे ठेवत. उत्तरेकडे तव्यावर भाजलेल्या तुकड्याला फार्ल म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ चौथा भाग, म्हणजे आपला चतकोरच.

त्या फुलीबद्दल असं सांगतात की ती कापली नाही तर पऱ्या आत अडकतात, किंवा सैतान घरात येतो. गोष्ट गोड आहे, पण कारण नाही. गोळ्याचा मधला भाग सर्वांत जाड असतो. तिथे चीर दिली की उष्णता आतवर पोचते आणि फुगणाऱ्या पिठाला फाकायला वाट मिळते. फुली न कापता एक ब्रेड भाजून बघा. तो कडेला वेडावाकडा फुटतो आणि मध्ये कच्चट राहतो. परीकथेपेक्षा मला जास्त खटकते ती हल्लीची जाहिरातबाजी: “यीस्ट नाही, म्हणून ग्लुटेनमुक्त.” ग्लुटेन म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन. ते यीस्टमध्ये नसतंच, गव्हात असतं. सीलिअॅक आजार असलेल्या, म्हणजे ग्लुटेन न सोसणाऱ्या माणसाला हा ब्रेड प्रेमाने भेट दिला तरी अपायच होईल. शिवाय मिठात असतं तसं सोड्यातही सोडियम असतं. रक्तदाबासाठी मीठ कमी करणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावं.

आता मूळ प्रश्न. मैद्यात सर्वांत जास्त असतो तो स्टार्च, सूक्ष्म कणांच्या रूपात. कच्च्या कणात त्याचे रेणू, म्हणजे लांबच लांब साखळ्या, शिस्तीत रचलेले असतात. ओव्हनमध्ये तापमान 60 अंशांच्या पुढे गेलं की कण पाणी पितात, फुगतात आणि आतली रचना मोडते. ताज्या ब्रेडचा मऊपणा म्हणजे ही मोडलेली रचना.

ब्रेड निवू लागला की साखळ्या पुन्हा एकमेकींना शोधतात. गव्हाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. साधारण चौथा हिस्सा अमायलोजचा. या साखळ्या बहुतेक सरळ असतात आणि काही तासांतच जुळतात. ब्रेडला आकार येतो आणि सुरीने नीट काप पडतात तो याचमुळे. भट्टीतून काढल्या काढल्या कापलेला ब्रेड सुरीला चिकटतो, कारण ही जुळणी अजून व्हायची असते. उरलेला तीन चतुर्थांश अमायलोपेक्टिन, झाडासारखा फांद्या फुटलेला. त्याच्या टोकाच्या आखूड फांद्या हळूहळू दोन-दोनच्या जोडीने पिळल्या जातात, पीळ शेजारी शेजारी रचले जातात आणि बारीक स्फटिक तयार होतात. पाणी त्या रचनेतच अडकतं. ब्रेडमधलं पाणी ब्रेडमध्येच राहतं, पण आपल्या जिभेला आणि दाताला ते मिळत नाही.

फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी 1852 मध्येच हे दाखवून दिलं होतं. पाणी अजिबात बाहेर जाऊ दिलं नाही तरी ब्रेड शिळा होतो, आणि शिळा ब्रेड 60 अंशांपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. स्फटिक वितळतात, इतकं साधं कारण. फ्रीजमधला कडक भात वाफवल्यावर मऊ होतो तो याच नियमाने.

मग फ्रीज वाईट का? स्फटिक तयार होण्याचे दोन टप्पे असतात. आधी बीज पडतं, मग ते वाढतं. बीज पडायला थंडावा लागतो, कारण उष्णतेत रेणू फार हलतात आणि जुळलेली जोडी सुटते. वाढीला मात्र ऊब लागते, कारण साखळ्यांना सरकत जागेवर यावं लागतं. एक वेग तापमानाबरोबर घटतो, दुसरा वाढतो. दोन्हींचा गुणाकार ब्रेडच्या बाबतीत सर्वांत मोठा असतो तो साधारण 4 अंशांजवळ, म्हणजे नेमका फ्रीजच्या कप्प्यात! उणे 18 अंशांना हालचालच गोठते आणि स्फटिकीकरण जवळजवळ थांबतं. म्हणून ब्रेड एकतर ओट्यावर ठेवावा, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये. मधली जागा सर्वांत वाईट.

लोणी, अंडी आणि साखर ही जुळणी लांबवतात. अमेरिकेतल्या सोडा ब्रेडमध्ये हे तिन्ही असतात, वर बेदाणे आणि जिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कॅरवे बियाही असतात. तो बराच टिकतो. आजींच्या ब्रेडमध्ये यातलं काहीच नव्हतं.

म्हणून त्यांची देण्याची पद्धत मला इतकी आवडली. गरम ब्रेडमधून निघणारी वाफ सुती टॉवेलात थोडी अडकते आणि जाड, टणक कवच जरा नरम पडतं. प्लास्टिकच्या पिशवीत त्याच वाफेचं पाणी होतं आणि कवच चामट होऊन जातं. हा ब्रेड त्याच दिवशी द्यायचा आणि त्याच दिवशी खायचा. जाड काप, त्यावर भरपूर लोणी आणि मुरंबा, किंवा वाटीभर गरम सूप. गव्हाच्या कोंड्यासह केलेल्या तपकिरी ब्रेडवर तिकडे धुरावलेला सामन मासा ठेवतात. दुसऱ्या दिवशी टोस्ट करायचा. अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागात, तर फार्ल तळून न्याहारीला घेतात.

लांब पाठवायचा असेल तर ब्रेड न पाठवता कोरडं मिश्रण पाठवावं. सोडा गाळून मैद्यात आणि मिठात मिसळून बरणीत भरायचा. आम्ल नाही, म्हणून बरणीत काही घडत नाही. चिठ्ठीवर “400 मिलिलिटर घट्ट ताक” एवढं लिहायचं. आपल्याकडचं पातळ ताक चालत नाही, दही घुसळून थोडंच पाणी घालावं.

भाचीने उरलेला ब्रेड पाण्याचा हात लावून ओव्हनमध्ये गरम केला आणि तो खाण्याजोगा झाला. आजींचा टॉवेल रिकामा कसा परत करायचा, म्हणून तिने त्यात नारळाच्या वड्या बांधून दिल्या. वड्यांत स्टार्च नावालाही नसतो, त्यामुळे त्या फ्रीजमध्ये ठेवल्या तरी चालतील, असंही तिने आजींना सांगितलं.